माझ्या जागेवरचं पोतं

माझ्या मामाने आणि मामीने मिळून मला फसवलं. कशात, तेही लगेच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे जमीन, दागिने असले अंदाज बांधत बसतील. मामाने स्वतःच्या हातांनी एक विमान बांधलं होतं आणि त्यातली पुढची जागा माझी होती. ती मला कुणी लाडाने दिलेली नव्हती. मी सौदा करून मिळवली होती आणि सौद्यातली माझी बाजू शेवटच्या रबरी दोरापर्यंत पुरी केली होती. तरी ज्या सकाळी ते विमान धरणाच्या पाण्यावरून गेलं त्या सकाळी मी खाली होते. माझ्या जागेवर भाताचं पोतं बसलं होतं, असं आमचं गाव आजही सांगतं. पुढे आयुष्यभर मी पुण्यात ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान चालवलं. जुन्या बेअरिंगला ग्रीस फासून कुणी नवं म्हणून पुढे केलं तर मला ते हातात न घेता कळतं. त्या पोत्याचंही मला त्याच दिवशी कळलं होतं.

वडील गेल्यावर आई मला घेऊन माहेरी आली, तेव्हापासून आम्ही मामाच्याच घरात. घर मुळशी धरणाच्या काठावर, शेवटच्या चढावर. माणसं चारच: आई, मामा, मामी आणि मी. मामा लढाईच्या दिवसांत विमानतळावर फिटर होता. लढाई संपली, साहेब लोक गेले आणि मामा हत्यारांची एक पेटी आणि डोक्यात एक खूळ घेऊन घरी आला. लष्कराच्या भंगारातून त्याने शिकाऊ विमानाचं इंजिन आणि एक मोडका सांगाडा उचलला. आमच्या गावात विमान पहिल्यांदा आलं ते असं बैलगाडीतून. पंख, शेपूट, बसायच्या जागा, बाकी सगळं त्याने घरी बांधलं. गोठ्यातली एक म्हैस बाहेर मांडवात गेली आणि तिच्या दावणीला विमानाचं धड उभं राहिलं. पंख गेले चुलीवरच्या माळ्यावर, कारण आमच्याकडे ज्या लाकडाला, बियाण्याला, वेळूला कीड लागू द्यायची नसते ते धुरावर ठेवतात. त्यामुळे त्या पंखांना कायम चुलीचा आणि भाजलेल्या बोंबलाचा वास यायचा. मी नंतर पुष्कळ विमानांत बसले. एकालाही तो वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर ती मला विमानं वाटलीच नाहीत. आई सुरुवातीला त्या धडाकडे पाठ करून धार काढायची. मग एका पोळ्याला बैलांना पोळी दाखवताना तिचा हात आपोआप तिकडे वळला आणि तेव्हापासून विमानाला दर वर्षी पुरणाची पोळी आणि नाकावर गुलाल मिळू लागला.

विमान एकदा बांधलं की काम संपलं, असं लोकांना वाटतं. आमच्या पावसात ते दर वर्षी नव्याने म्हातारं व्हायचं. दिवाळी सरली की मामा पंख माळ्यावरून उतरवायचा, एकेक लाकडी फासळी बोटाच्या पेराने टकटक वाजवायचा आणि कान देऊन ऐकायचा. "तरणी," म्हणायचा आणि पुढे सरकायचा. नाहीतर "म्हातारी," म्हणून खडूची फुली मारायचा. त्याच्या लेखी जगातल्या सगळ्या वस्तूंच्या या दोनच जाती. पेट्रोलची नळी आतून तडकली, म्हातारी. चाकांजवळचे रबरी दोर, ज्यांच्यावर विमान टेकताना आपलं वजन टाकतं, ते ढिले पडले, म्हातारे. फळ्या जोडायला तो साय काढलेल्या दुधाचा चोथा आणि चुना घोटून सरस करायचा. धरला की दगड. पण श्रावणाची ओल लागली की त्याला बुरशी यायची, आणि बुरशी आली नाही तर उंदीर यायचे, कारण काही झालं तरी दूधच ते. आई म्हणायची, "लोकाच्या घरी म्हशीचं दूध माणसं पित्यात. आमच्यात विमान पितंया."

काढलेला भाग फेकून देणं आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. पत्र्याच्या तुकड्याचं पिठाच्या डब्याला झाकण झालं, पंखाच्या उतरलेल्या कापडाचे मला परकर झाले, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी पाण्याच्या कळशीचा फुटका काठ बांधला गेला. उंची दाखवणाऱ्या घड्याळाची काच तडकली म्हणून मामाने ते बदललं, तर मामीने ते चुलीमागच्या भिंतीला टांगलं. पाऊस यायचा असला, हवेचा दाब उतरला, की त्या घड्याळाचा काटा वर चढायचा. त्याच्या हिशेबाने आमचं घरच उंच गेलेलं असायचं. "वन्सं, घर वर गेलंया, वाळवण आत घ्या," मामी चुलीपासून आईला सांगायची, आणि आई कुरडया गोळा करेपर्यंत खरंच भुरभुर सुरू व्हायची. मला त्याचा राग यायचा. मीही त्या काट्याकडे बघत बसायचे, मला त्यातलं काही कळायचं नाही. मामी मुठे गावची. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी, बारीक अंगाची, आवाज कधी न चढवणारी. माझा आवाज तेव्हापासूनच चढलेला.

आता जागेचं सांगते. विमानात जागा दोन, एकीमागे एक. चालवणारा मागच्या जागेत. पुढची जागा रिकामी असली की ते विमान नाक वर करून उधळायचं, त्यामुळे मामाला एकट्याने फार वर जाता येत नव्हतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटलं की तळाची लांबलचक सपाट जमीन उघडी पडते. तिथे मामा बेडकासारख्या उड्या मारायचा आणि आम्ही काठावर बसून बघायचो. खरं उडायचं तर पुढे कुणीतरी हवं होतं, आणि नुसतं वजन चालणार नव्हतं. पेट्रोलची काच पुढच्या जागेसमोर होती. मागच्याला ती दिसायची नाही. पुढच्याने काचेकडे बघायचं आणि पेट्रोल ठीक असेल तर हात वर करायचा, अशी ती व्यवस्था. मामाचं सगळ्या गावाला विचारून झालं. जो तो म्हणायचा, "माझ्या मागं पोरंबाळं हायेत." ज्यांच्यामागे कुणी नव्हतं तेही हेच म्हणायचे.

"मी बसती," मी म्हणाले.

मामा हसला. "तू? आनि काय झालं तर तुझी आई मला जित्ता सोडंल व्हय?"

"फुकट न्हाई म्हणत. त्या फुल्या मारल्यात ना तू, ती सगळी म्हातारी मी तरणी करून देती. कुटनं आणायची ते मी बघंन. पुढली जागा माझी."

मामाने विचार केला. फुल्या बऱ्याच होत्या. "बरं. इंजिनाची शपत."

"इंजिन भंगारातलं हाय. मामीची शपत घे."

मामी भाकरी थापत होती. तिने वर बघितलं. "माझी गं कशाला? मी काय त्यात बसायची हाय?"

हे वाक्य लक्षात ठेवा, असं मी म्हणणार नाही. मी ठेवलं आहे, तेवढं पुरे.

पैशाला हात लावायची आमच्या घरात सोय नव्हती, कारण तो नव्हताच. पण आंबेमोहर होता, तूप होतं, हिरडा होता आणि म्हैस व्याली की खरवस. कोळशाच्या ट्रकवर बसून मी खडकीला जायचे. तिथे एका भंगारवाल्याकडे लष्करातून निघालेल्या मालाचे ढीग असायचे. तो खाटेवर बसलेला जाडजूड माणूस. रबरी दोर मागितले तर त्याने एक बंडल माझ्या पायाशी टाकलं. "नवाकोरा माल. साहेबाच्या विमानाचा." मी नखाने दाबून बघितलं. नखाची खूण तशीच राहिली.

"ह्ये म्हातारं हाय."

"रबर कधी म्हातारं होतं का बाई?"

"तुमच्या गालाला नख लावून बघू? तितंबी खूण राहील."

ढिगातले नट निवडत बसलेले दोघे गिऱ्हाईक खो-खो हसले. भंगारवाला उठून उभा राहिला, मी आधीच उभी होते. तो म्हणाला चालायला लाग, मी म्हणाले चाललेच आहे. आणि मी चालले, पण सावकाश, आणि खरवसाच्या पातेल्यावरचं फडकं सारून, वारा माझ्याकडून त्याच्याकडे जात होता त्या बाजूने. वेलदोडा, गूळ आणि ताजं दूध. ही युक्ती मी पुढे पन्नास वर्षं कुणाला सांगितली नाही. आता धंदा बंद केला म्हणून लिहिते आहे. नाक्यापर्यंतही पोचले नव्हते तर मागून हाक आली. त्याने कुलपातली पेटी उघडली, आतून टणक, दाबल्यावर उसळणारे दोर निघाले. परत येताना माझ्याजवळ दोर होते, पेट्रोलची नळी होती, आणि वर फुकटात वैमानिकाची कातडी टोपी आणि गोल काचांचा मोठा चष्मा. ती टोपी मी ट्रकवरच डोक्यात घातली ती घरी आईने ओढून काढेपर्यंत.

एकच गोष्ट कुठे मिळेना. पंखावर कापड चढवल्यावर ते ताणून बसायला एक उग्र वासाचं औषध लावतात. ते भंगारात येतच नव्हतं. तेव्हा मीच म्हणाले की आई मामाच्या टोपीला पेज लावते, तशी पंखाला लावून बघू. मामाला आधी हसू आलं, मग त्याने एका तुकड्यावर लावून बघितली. वाळल्यावर कापड दिमडीसारखं वाजलं. आईने आंबेमोहराची दाट पेज काढली, आम्ही दोन्ही पंखांना ती हातांनी सारवली आणि अंगणात वेळूच्या मांडणीवर उन्हात ठेवले. साऱ्या आळीत मोहराचा वास सुटला. तो वास भिवा धनगराच्या शेरडांनाही आला. मी पाण्यावरून येऊन बघते तर उजव्या पंखाचं टोक हातभर गायब आणि एका पाटीच्या, तरण्या शेळीच्या, तोंडातून दोरा लोंबतो आहे.

"भिवा! तुझ्या शेरडांनी विमान खाल्लं!"

भिवाने घोंगडी सावरली आणि कळपाकडे बघितलं. "म्हंजी आता उडत्याल का काय ही?"

"हसतुयास काय? भरून दे."

"सरे, भाताची पेज लावून तू अंगणात वाळत घातलीस. आनि शेरडानं काय, हात जोडून फुडं जायाचं?"

मी एक करडू मागितलं. तो म्हणाला, करडू देतो, पण पाटीच्या पोटात ते कापड फुगलं तर औषधपाणी तुझं. मी म्हणाले, पोटातलं कापड माझं आहे, ते आधी परत दे. आमचं हे असं चाललं होतं. ते बराच वेळ चाललं, कारण भिवाही घासाघिशीत कमी नव्हता आणि मला असा माणूस भेटला की आनंद व्हायचा. तेवढ्यात मामी घरातून बाहेर आली ती हातावर घडी घेऊन. तिचं हिरवं लुगडं, तिच्या आईने मुठ्याहून दिलेलं, तलम सुताचं, एकदाच नेसलेलं.

"ह्ये लावा," ती मामाला म्हणाली.

"आगं, माहेरचं हाय!"

"असू दे. पंखाला शोभंल." मग ती गोठ्याच्या कोपऱ्याशी त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलली. मामाने आधी मान हलवली, नाही म्हणून. ती आणखी एक वाक्य बोलली असावी. मामाने माझ्याकडे बघितलं, मी भिवाच्या करडाचे दात मोजत होते. मग त्याने मान डोलावली. मला वाटलं एका लुगड्याच्या बदल्यात ती दुसरं लुगडं मागते आहे. त्या दिवशी त्या अंगणात दोन सौदे झाले आणि मला एकच ऐकू आला.

काही लोक आता म्हणतील की शेवटचा भाग मामीने दिला, म्हणजे जागेवर तिचाही हक्क आला. हे माझ्या भावकीत म्हणून झालं आहे. त्याला माझं उत्तर असं की लुगडं पंखाच्या टोकाला लागलं होतं. टोकावर बसायचं होतं तर खुशाल बसायचं.

पेजेत मग मामाने निरगुडीचा कडू काढा मिसळला आणि शेरडांनी विमानाचं नाव टाकलं. शिमगा झाला, पाणी मागे सरकलं. मामाने मला भात तोलायच्या मोठ्या ताजव्यात बसवलं आणि दुसऱ्या पारड्यात भात ओतला. पारडी सारखी झाल्यावर तो भात पोत्यात भरून तोंड शिवलं. "तुझं वजन," तो म्हणाला. "आधी ह्याच्यावर उड्या मारून बघतो, मग तू." मला बरं वाटलं होतं. गावातल्या कुठल्या मुलीला कुणी असं मोजून घेतलं होतं?

ठरलेल्या सकाळी वारा नव्हता. आईने नारळ फोडला, विमानावरून भाकरतुकडा ओवाळला, मग माझ्यावरून ओवाळला आणि डोळे पुसत लांब जाऊन बसली. तळाच्या काठावर सगळं गाव, मागे पोरंबाळं असलेले आणि नसलेले. मी लुगड्याचा काचा घट्ट मारून, हातात टोपी घेऊन उभी. मामी चहाचं सामान घेऊन आली होती, तिने तीन दगड मांडले आणि काटक्या लावू लागली. मामाने विमानाभोवती एक फेरी मारली आणि चाकापाशी बसला. बराच वेळ बसला.

"सरे, पिन झिजलीया."

"कंची?"

"चाकाची. म्हातारी झाली. अशानं उतरताना चाक निगून जाईल. धरणाच्या भिंतीपाशी सायकलवाला हाय, त्याच्याकडं मिळंल. घेऊन ये. तवर मी बाकीचं बघतो."

मी दुसऱ्या कुणाला पाठवायला हवं होतं, असं सगळे म्हणतात. पण भाग बदलायचा तर आणणार मी, असा सौदा होता, आणि सायकलवाल्यासमोर उभं राहायची अक्कल त्या काठावर आणखी कुणाला नव्हती. टोपी, चष्म्यासकट, मी मामीकडे दिली. "सांभाळ गं," म्हणाले. तीही म्हणाली, "सांभाळती."

सायकलवाल्याकडे पिन होती. ओट्यावर पंक्चर काढत बसला होता. मी वाटेत घरून घेतलेल्या अंड्यांकडे त्याने बघितलं आणि म्हणाला, सगळी ठेव. एवढ्याशा पिनेला सगळी अंडी! मी म्हणाले, या पिनेने तू काय हत्ती बांधतोस का? तो म्हणाला, मग विमानाला तुझ्या केसातला आकडा लाव. तोंडाचा फटकळ निघाला. मी दोन अंडी परत पदरात घेतली, त्याने पिन परत डबीत टाकली. मी निघाले, त्याने बोलावलं. त्याने भाव वाढवला, मी पुन्हा निघाले. हे सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. आम्ही एका अंड्यावर येऊन अडलो होतो आणि ते मी सोडणार नव्हते. तेवढ्यात त्याने मान वर केली.

"तुमचंच हाय न्हवं त्ये?"

इंजिनाचा आवाज डोंगरावर आपटून येत होता. मी अंडी तिथेच टाकली, पिन घेतली आणि पळाले. वळणावर आले तर समोर सगळं पाणी पसरलेलं आणि त्याच्यावर, पाखरू जातं तितक्या सहज, मामाचं विमान. उजव्या टोकाला हिरवं. दोन डोकी. पुढच्या डोक्यावर माझी टोपी. विमान वळलं, पंख कलला, उन्हात ते हिरवं टोक चमकलं, आणि पुढच्या जागेवरून एक हात वर आला. पेट्रोल ठीक आहे. हात वर राहिला, मग खाली गेला. मी तशीच पळत होते. माझ्या तोंडातून काय काय शब्द गेले ते लिहीत नाही. रस्त्याच्या कडेला म्हशी होत्या, त्याही बाजूला झाल्या.

मी तळावर पोचले तेव्हा विमान उतरून उभं होतं आणि इंजिन तापल्या तव्यासारखं कडकड करत होतं. पुढच्या जागेत भाताचं पोतं होतं. पोत्याच्या तोंडावर माझी टोपी चढवलेली आणि टोपीवर माझा चष्मा.

"वारा सुटाय लागला व्हता," मामा म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता, विमानाच्या नाकावरच्या पंख्याकडे बघत होता. "मग ग्येलोच न्हाई तर आजचा दिस फुकट. म्हणून वजनाला पोतं घातलं."

"आनि पिन?"

"निभली तशीच कशीतरी."

"मामा, पोत्यानं हात वर केला."

लांबून आई म्हणाली, "पोतंच व्हतं गं. मी डोळ्यानं बघितलं." माझ्या आईला अंगणातलं कोंबडं आपलं की शेजाऱ्याचं हे ओळखू येत नव्हतं. मी पोत्याला हात लावला. विमानात माणसाला बांधायचे कातडी पट्टे होते, ते बाजूला मोकळे पडलेले. त्यांचं बक्कल आवळून शेवटच्या भोकात अडकवलेलं, बारीक कमरेच्या मापाने. पोतं नुसतं ठेवलेलं होतं, ढकललं तर कलंडलं. असं पोतं पंख कलल्यावर कुठे गेलं असतं ते मी मामाला विचारलं. तो म्हणाला, भात जड असतो.

मी मामीकडे वळले. ती तीन दगडांच्या चुलीपुढे पाठमोरी बसली होती आणि जिने मामापुढेसुद्धा कधी पदर पुढे ओढला नाही तिने तो पार हनुवटीपर्यंत ओढला होता. मी समोर जाऊन बसले. तिने विस्तवावर फुंकर घातली तसा पदर मागे सरकला. कपाळ, गाल, नाक, सगळं इंजिनाच्या तेलाच्या बारीक काळ्या शिंतोड्यांनी भरलेलं, आणि डोळ्यांभोवती दोन गोरी, स्वच्छ, गोल चकत्या. पिंगळ्या घुबडासारखी दिसत होती.

"मामी, तोंडाला काय गं ह्ये?"

"चुलीचा धूर."

"धूर गोल लागतो व्हय?"

"आमच्या मुठ्यात लागतो," ती म्हणाली, आणि माझ्यापुढे चहाचा कप धरला. मी तो कप लाथेने उडवला. चहा विस्तवात गेला. काठावरच्या माणसांत पहिला कोण हसला ते मला माहीत आहे, तो भिवा. मग सगळेच हसले, मामीसुद्धा, पदर तोंडात धरून.

दुसऱ्या दिवशी मी मामाकडे माझी जागा मागितली. झालं ते झालं, मी म्हणाले, आता मला ने. तो पंखापाशी होता. त्याने पंखाचा मोठा वासा, ज्याच्यावर सगळं तोललेलं असतं तो, टोकापासून वाजवत आणला. टक, टक, टक. मधे एका ठिकाणी थांबला, पुन्हा वाजवला, कान लावला, आणि माझा हात ओढून माझ्याकडून वाजवून घेतला. मलाही ऐकू आलं. आवाज बसका होता.

"म्हातारा," मी म्हणाले.

"व्हय."

"एकदाच ने. काल ग्येलाच की."

"काल मला ठावं न्हवतं."

तसला वासा, तेवढ्या लांबीचा, गाठ नसलेला, कुठल्या भंगारात मिळतो? मी खडकी धुंडाळली, मुंबईच्या गोदीपर्यंत माणसं लावली, तूप-तांदूळ घेऊन मी कुठे गेले नाही? सगळे भाग मी बदलून आणले होते, हा एक मिळाला नाही. मामाने जोडकाम करून त्यावर मला बसवायला साफ नकार दिला. बाकी कशातही तो वाकला असता, त्यात वाकला नाही. पुढच्या दिवाळीनंतर पंख माळ्यावरून उतरलेच नाहीत. इंजिन एका ऊसवाल्याच्या पंपाला गेलं. मी पुण्याला गेले, आधी एका भंगाराच्या दुकानात कामाला लागले, मग शेजारी माझं दुकान टाकलं. लग्न नंतर केलं, तेही माझ्या अटींवर. गिऱ्हाईक विचारायचं, बाईमाणूस या धंद्यात कसं? मी म्हणायचे, माल बघ, माणूस कशाला बघतोस.

मामी आता नांद्याला मुलाकडे असते. भाताची खाचरं होती तिथे इमारती झाल्या आहेत आणि ती सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसते. मी अधूनमधून जाते. भांडायलाच जाते, पण जाताना बर्फी नेते. ती मला जवळ बसवून घेते, गुडघ्याचं विचारते, जेवल्याशिवाय सोडत नाही. आणि मी विषय काढला की वाटाण्याची शेंग मोडत, आवाज न चढवता, तेच उत्तर: "मला काय ठावं? पोत्याला इचार की गं." तिची सून हसते, नातवंडं हसतात. त्या घरात ही आता म्हणायची पद्धतच झाली आहे. मीठ कुणी सांडलं विचारलं तरी पोत्याला विचार.

मामा गेला, आई गेली, भिवा गेला. तेव्हा मामी, मी हे छापते आहे, आणि पहिली प्रत घेऊन मी स्वतः नांद्याला येणार आहे. लिफ्ट बंद असली तरी येणार आहे. तू बसलीस हे तुझ्याकडून कबूल करून घ्यायचं नाही मला. ते मला तुझ्या तोंडावरच्या चकत्यांनीच सांगितलं. मला हिशेब हवा आहे तो वेगळा. ती जागा माझी होती, म्हणजे तिथून जे दिसलं तेही माझं होतं, आणि ते तू इतकी वर्षं एकटी घेऊन बसली आहेस. धरणाचं पाणी वरून कुठल्या रंगाचं होतं? आपलं घर दिसलं का, की माळासारखंच सपाट दिसलं? आणि खाली रस्त्यावरून, मुठीत पिन घेऊन, शिव्या देत धावत येणारी मी तुला दिसले का? दिसले असेन, तर तू हसलीस का? पोत्याला विचार म्हणू नकोस. मी तुला विचारते आहे. बोल.